मागच्या डाव्या चाकातला आवाज

"वैनी, तुम्ही काय बोलू नका, नुसतं ऐका," दस्तगीर मिस्त्री म्हणाले आणि त्यांनी लगेच जीभ चावली. त्या दिवसांत मी सूर्योदयापासून दिवेलागणीपर्यंत बोलत नसे, आणि हे आमच्या गल्लीपासून त्यांच्या गॅरेजपर्यंत साऱ्या गडहिंग्लजला ठाऊक झालं होतं.

हे स्टिअरिंगवर बसले होते. मागे न वळता म्हणाले, "त्याची काळजी नको, दस्तगीर. आमच्या घरात सध्या गाडी सोडून कुणाचाच आवाज येत नाही."

मिस्त्री मनापासून हसले. मी मागच्या सीटवर डावीकडे, बरोबर चाकाच्या वर बसले होते. आवाज त्याच चाकातून येत होता. पुढं बसलेल्याला तो पुसट ऐकू येई, म्हणून कान देऊन ऐकणारं एक माणूस मागं हवं, असं मिस्त्रींचं म्हणणं होतं. ते काम माझ्याकडे आलं.

गाडी जुनी. आमच्या वैजूचं बारसं झालं त्या वर्षी घेतलेली, आणि आता वैजूलाच सातवा महिना लागला होता. तिला सावंतवाडीहून पहिल्या बाळंतपणाला घरी आणायचं होतं. एस.टी.चे धक्के नकोत असं तिच्या डॉक्टरांनी बजावलं होतं, आणि तिच्या सासूबाईंनी निरोप धाडला होता की व्याही स्वतः गाडी चालवून आंबोली घाटातून तिला नेणार असतील तर आमची काही हरकत नाही. शुक्रवार ठरला होता. नेमका त्याच्या आधीच्या आठवड्यात हा आवाज सुरू झाला. हे एका संध्याकाळी घरात येता येता म्हणाले, "मागं डावीकडं काहीतरी वाजतंय. असल्या गाडीत पोटुशी पोर घालून घाट चढायचा म्हणजे जोखीम आहे."

ह्यांचा उभा जन्म साखर कारखान्याच्या वाहन विभागात गेला. ऊसगाड्यांपासून चेअरमनच्या गाडीपर्यंत सगळं त्यांच्या हाताखालून गेलेलं. "इंगवलेसाहेबांनी गाडी हाकली तर पोटातलं पाणी हलत नाही," असं लोक म्हणत आणि ह्यांना ते ऐकायला आवडे. आमच्या गाडीच्या स्टिअरिंगला दुसऱ्या कुणाचा हात लागलेला नव्हता. जावईबापूंनी एकदा हौसेनं किल्ली मागितली, तर ह्यांनी त्यांच्या हातात काच पुसायचं फडकं दिलं होतं.

माझ्या मौनाचं कारण वेगळंच. माझ्या देव्हाऱ्यात गणपती म्हणून सुपारी होती. मी नित्यपूजा सुरू केली तेव्हा माझ्या आईनं ती माझ्या ओंजळीत ठेवली होती. रोजच्या पाण्यानं, हळदीकुंकवानं ती काळीभोर झाली होती आणि एका बाजूला तिचा टवका उडाला होता. गुरुवारी मी चिंच लावून देव घासते. त्या गुरुवारी सगळे देव खिडकीत ताटलीत काढून ठेवले, कढीला फोडणी द्यायला आत गेले, आणि परत आले तर बाळकृष्ण होता, अन्नपूर्णा होती, गणपती नव्हते.

उंदरानं नेले म्हणावं तर दिवसाढवळ्या उंदीर कसा यायचा? लेक बाळंतपणाला यायची आणि विघ्नहर्ताच घरातून जायचा, हे माझ्या मनाला फार लागलं. हरवले हा शब्द देवाच्या बाबतीत तोंडातून काढवेना. संध्याकाळी ह्यांना एवढंच म्हटलं, "आपले गणपती दिसत नाहीत." आणि दुसऱ्या दिवशी पहाटे हातावर पाणी सोडून संकल्प केला, की ते परत येईपर्यंत दिवसा बोलणार नाही.

हे देवाधर्मातले नव्हेत. माझ्या उपासतापासांची चेष्टा करत, पण चेष्टेला धार नसे. सकाळी बाहेर पडताना देवघराच्या दाराशी थांबून हात पुढं करायचे, मी तीर्थ घातलं की घ्यायचे आणि निघायचे. आत काय मांडलंय ते त्यांनी कधी डोकावून पाहिलं नाही. तरी माझं मौन सुरू झाल्यावर तिसऱ्या दिवशी ते बाजारातून कागदात गुंडाळून पितळेचा एक छानसा गणपती घेऊन आले. "हा बघ, चालतोय का?" म्हणाले. मला गहिवरून आलं. पण संकल्प आईनं दिलेल्या गणपतींसाठी होता, आणि हे सांगायला तोंड उघडायचं नव्हतं. मी पितळी गणपती बाळकृष्णाशेजारी ठेवला आणि गप्प राहिले. ह्यांना काही उमगलं नाही. "याच्यावरही मौनच?" असं पुटपुटत ते बाहेर गेले. रात्री मौन सुटल्यावरही, एवढ्या हौसेनं आणलेला गणपती चालत नाही हे सांगायला माझी जीभ रेटली नाही.

तर गाडीचं. मिस्त्रींनी गाडी दोनदा जॅकवर चढवून पाहिली होती. चाक दोन्ही हातांनी धरून वरखाली हलवलं, बेअरिंग घट्ट निघालं. पाट्यांच्या स्प्रिंगा तपासल्या, शॉकअप काढून दाबून पाहिला, रबरी बुश बदलले. प्रत्येक वेळी चक्कर मारून आले की आवाज गायब असे. आणि ह्यांनी गाडी घरी आणली की दुसऱ्या दिवशी पुन्हा सुरू.

"आवाज हाय, पण गाडीत न्हाई," मिस्त्री डोकं खाजवत म्हणाले. "भुताटकी म्हणावी, तर साहेब भूत मानत न्हाईत."

आता मागं वळून पाहताना मला आठवतं, की चाक खोलायची वेळ आली की त्याच्यावरची चकचकीत टोपी हेच काढत. चारही टोप्या त्यांनी इतकी वर्षं आरशासारख्या राखल्या होत्या. मिस्त्रींच्या पान्याचा ओरखडा नको म्हणून स्वतः उकिडवे बसून अंगठ्यानं जपून काढत, उपरण्यात गुंडाळून मांडीवर घेऊन बसत आणि घरी आल्यावर स्वतःच बसवत. त्यांचा हा सोस सगळ्यांना माहीत होता. त्यात कुणाला काही वावगं वाटलं नाही.

त्या बुधवारी मिस्त्री म्हणाले, आज काही खोलायचं नाही. आहे तशी गाडी चालवू आणि ऐकू. गाडी संकेश्वरच्या रस्त्याला लागली. मिस्त्री पुढं बोलत होते, ह्यांचं हूं हूं चाललं होतं. मी पदराखाली माळ घेऊन जपाला लागले. मौन धरलं की कान किती मोकळे होतात हे ज्यानं धरलंय त्यालाच कळेल.

बाजारपेठेतून गाडी हळू जात होती तेव्हा आवाज माझ्या जपाबरोबर चालला होता. एक मणी सरकला की एक ठोका. ठक्. ठक्. ओल्या लाकडावर लाकूड पडावं तसा दबका. रस्ता मोकळा झाला, गाडीनं वेग घेतला, तसे ठोकेही जलद पडू लागले, माझे मणी मागं पडले. आणि मग एकाएकी आवाज बंद. रस्ता तसाच खडबडीत होता, खड्ड्यांतून गाडी आदळत होती, पण चाक चूप. पुढं बैलगाडी आडवी आली, ह्यांनी वेग कमी केला, आणि पुन्हा ठक्, ठक्.

बुश गेला असता तर खड्ड्यात वाजायला हवा होता. बेअरिंग गेलं असतं तर वेगाबरोबर आवाज वाढायला हवा होता, असं मिस्त्रीच मघाशी म्हणाले होते. हे तसं नव्हतं. गोल डब्यात एखादा दाणा राहिला तर डबा आडवा धरून हळू फिरवताना तो खाली घरंगळतो आणि जोरात फिरवलं की कडेला चिकटून बसतो. चाकाबरोबर काहीतरी फिरत होतं. सुटं, लहान, गोल.

मौन नसतं तर त्याच क्षणी माझ्या तोंडून निघून गेलं असतं. मिस्त्री मागं वळून म्हणाले, "वैनी, बोलू नका, बोटानं दावा. कुठनं येतोय वाटतं तुम्हांस्नी?"

मी हात उचलला. आणि समोरच्या आरशात मला ह्यांचे डोळे दिसले. ते रस्त्याकडे पाहत नव्हते, माझ्या हाताकडे पाहत होते. इतक्या वर्षांच्या संसारात ह्यांचे डोळे मी रागात पाहिले होते, चेष्टेत पाहिले होते. असे पाहिले नव्हते. ते माझ्याकडे काहीतरी मागत होते.

मी हात खाली घेतला आणि मान हलवली. कळत नाही, असं खुणेनं सांगितलं. मौनात खूणही खोटी करू नये म्हणतात, पण ते डोळे काय मागताहेत ते मला तेव्हा खरंच कळत नव्हतं.

दुपारी हे जेवून आडवे झाले. मी उलथनं घेऊन अंगणात गेले. मागच्या डाव्या चाकाशी बसले, उलथन्याचं टोक टोपीच्या कडेत सरकवलं आणि हलकेच वर केलं. टोपी पदरात आली, आणि तिच्यातून माझे गणपती.

काळे, टवका उडालेले. टवक्याच्या खाचेत अजून कुंकू होतं. मी त्यांना कपाळाला लावलं आणि तिथंच धुळीत बसून राहिले.

गाडीतलं अक्षरही न कळणाऱ्या माणसानं चाकात काही टाकलं असतं तर खडा टाकला असता. खडा पत्र्यावर खणखणतो, कुणीही ओळखतो. सुपारी बुश गेल्यासारखी वाजेल, हे सुचायला उभा जन्म गाड्यांत गेलेला माणूस हवा. त्याला खिडकीतल्या ताटलीत एक सुपारी दिसली आणि त्यानं ती उचलली. ती कोण होती हे त्याला माहीत नव्हतं. माहीत असतं तर पितळेचा गणपती कशाला आणला असता?

पण असं का केलं? आणि मग एकेक गोष्ट आपल्या पायांनी चालत माझ्यापुढं आली. पाण्याचा तांब्या डाव्या हाताला ठेवला की हल्ली सांडायचा. फाटकाच्या डाव्या खांबाला गाडी घासली, तर ह्यांनी खांब बांधणाऱ्या गवंड्याला दोष दिला होता. वर्तमानपत्र वाचताना मान तिरकी. आणि महिन्याभरापूर्वी नेसरीहून येताना डावीकडून एक सायकलवाला रस्त्यात आला, तो ह्यांना दिसलाच नाही. माझा श्वास अडकल्याचा आवाज झाला तेव्हा कुठं ब्रेक लागला. सायकलवाला शिव्या देत गेला. ह्यांनी गाडी कडेला घेतली, चाकात हवा आहे का बघतो म्हणाले आणि बराच वेळ चाकाजवळ नुसते उभे राहिले.

स्वतःपुरतं असतं तर ते घाटातूनही गेले असते. पोटातल्या नातवंडाला घेऊन जायला धजत नव्हते. आणि डोळ्याला दिसत नाही असं इंगवलेसाहेब कुणापाशी म्हणणार? म्हणून त्यांनी गाडीला आजारी पाडलं होतं.

मी हे उघड केलं तर काय होईल तेही मला दिसत होतं. "काय बाष्कळपणा करतेस," म्हणून उठतील, आणि शुक्रवारी हट्टानं स्वतः गाडी घेऊन घाट चढतील. माझ्या लेकीसकट.

मी आत गेले. गणपतींना पाण्यानं, दुधानं न्हाऊ घातलं, देव्हाऱ्यात त्यांच्या जागी बसवलं. मग हळदीकुंकवाच्या डब्यातल्या सुपाऱ्यांतून एक बेताची निवडली, बाहेर येऊन चाकाच्या टोपीत टाकली आणि टोपी तळहातानं ठोकून घट्ट बसवली.

दिवा लागल्यावर मौन सुटलं. वाढता वाढता म्हटलं, "मी काय म्हणते, मिस्त्रींनाच घेऊ या बरोबर शुक्रवारी. घाटात वाजलं तर बघायला माणूस हवं."

हे बराच वेळ भाकरीचा तुकडा मोडत राहिले. मग म्हणाले, "नुसतं बसून त्याला कळायचं नाही. चालवूनच बघावी लागेल त्याला."

"मग चालवू दे की."

"बघू. वाजली तर," म्हणाले, आणि आणखी एक भाकरी मागून घेतली.

गणपती परतल्याचं ह्यांना कळू नये म्हणून गुरुवारचा दिवसही मी मौनातच काढला, आणि शुक्रवारी पहाटे नवा संकल्प केला. लेक उंबरा ओलांडून आत येईपर्यंत बोलायचं नाही. मला कुणी विचारलं असतं तर खरं सांगता आलं नसतं आणि खोटं बोलायचं नव्हतं.

पूजा आटोपत होती तेव्हा हे दाराशी आले, हात पुढं केला. मी तीर्थाची पळी उचलली. त्या दिवशी कसं कोण जाणे, ह्यांची नजर आत गेली. पितळी गणपती होता, आणि त्याच्यापुढं मधोमध, तांबडं जास्वंद वाहिलेली, टवका उडालेली सुपारी.

"हे काय आहे?" ह्यांनी विचारलं.

मी हात जोडून दाखवले.

"हा गणपती?"

मी मान हलवली. ह्यांच्या हातावरचं तीर्थ बोटांतून गळून गेलं. मी पुन्हा घातलं. ते त्यांनी घेतलं, ओला हात डोक्यावरून फिरवला आणि किल्ली घेऊन बाहेर गेले.

मी ओटीचं सामान घेऊन गाडीत मागं बसले. पाठमोरे हे मला दिसत होते. त्यांनी स्टिअरिंग दोन्ही हातांनी असं धरलं होतं, की जणू ते कुणी ओढून घेणार आहे. त्यांच्या लेखी आता चाक रिकामं होतं. आवाज नाही, म्हणजे मिस्त्रींना बरोबर न्यायला कारण नाही. मान पुरती डावीकडे वळवून त्यांनी फाटकाचा खांब पाहिला, गाडी कशीबशी बाहेर काढली. मानेवर घाम दिसत होता. गल्लीत वळण घेतलं.

टक्. टक्. टक्.

गाडी थांबली. इंजिन चालू होतं. हे आरशातून माझ्याकडे पाहत राहिले. मी पदराखालची माळ वर काढली आणि जप सुरू केला.

"पितळेचा आणला तेव्हाच सांगायचं होतंस," ते म्हणाले. मग स्वतःच म्हणाले, "सांगणार कशी, म्हणा."

गॅरेजशी मिस्त्री धुतला शर्ट घालून, हत्यारांची पिशवी घेऊन उभे होते. हे उतरले. गाडीला एक वळसा घालून त्यांच्यापाशी गेले आणि किल्ली पुढं केली. "घाटात मला आवाज नीट ऐकायचाय. तू चालव." मिस्त्रींनी किल्ली दोन्ही हातांनी घेतली.

आजऱ्याच्या अलीकडं मिस्त्रींनी कान टवकारले. "साहेब, आवाज बदललाय हो. परवा वल्या लाकडावानी होता. आज कोरडा वाजतोय."

"हवा बदलली," हे म्हणाले.

आंबोलीला चहाला थांबलो तेव्हा मिस्त्री त्या चाकाशी उकिडवे बसले. टोपीवर बोटाच्या पेरानं दोनदा वाजवून पाहिलं, वर माझ्याकडे पाहिलं, मग ह्यांच्याकडे. हे कपातून फुंकर घालत दरीकडे पाहत होते. मिस्त्री हात झटकत उठले. "असू दे," म्हणाले. "एवढ्यानं काय होत न्हाई. सावकाश नेतो."

ह्यांनी मिरजेला जाऊन डोळे दाखवले ते वैजूचा मुलगा रांगायला लागल्यावर. काचबिंदू निघाला. डावीकडचं गेलेलं परत आलं नाही, उजवं राखता आलं. कुणी जा म्हटलं नव्हतं. एक दिवस सकाळी तीर्थ घेतलं आणि म्हणाले, "चल, तूही चल, डॉक्टरांशी बोलायला कुणीतरी हवं." मी गेले आणि बोलले.

पण त्या शुक्रवारी परतीच्या वाटेवर वैजू माझ्या खांद्यावर डोकं टेकून बसली होती. घाटात गाडी बैलाच्या चालीनं चढत होती. मिस्त्री एकेक वळण असं घेत होते, की लेकीच्या हातातल्या हिरव्या बांगड्याही वाजत नव्हत्या. वाजत होतं ते फक्त चाक. थोड्या वेळानं वैजूनं डोळे उघडले.

"बाबा, हा कसला आवाज येतोय हो?"

मिस्त्रींनी रस्त्यावरची नजर काढली नाही. हे पुढं बसले होते, डाव्या बाजूला, आयुष्यात पहिल्यांदा स्वतःच्या गाडीत स्टिअरिंगशिवाय. हात मांडीवर मोकळे होते.

"तुझ्या आईला माहीत आहे," ते म्हणाले. "तिला विचार."

"अहो, तिचं तर मौन आहे."

"म्हणूनच," हे म्हणाले आणि काच खाली करून घाटातली हवा घेत बसले.